मागील पानावरून पुढे

दिवाळीत पेढीवर नवी वही येते, तेव्हा पूजनाचा मान तिला मिळतो. परंतु मुनीमजींचे खरे काम पूजनानंतर सुरू होते. जुन्या खतावणीतील एकेका आसामीची बाकी काढायची, ती ताडून पाहायची, नव्या वहीत त्याच्या नावाचे पान उघडायचे आणि पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून रक्कम मांडायची. या कामात नवे असे काहीच नसते. आसामी जुना, रक्कम जुनी, हिशेबही जुनाच. तरीही वर्षातील सर्वांत जबाबदारीचे काम हेच समजले जाते. एखाद्याची बाकी उतरवायची राहून गेली, तर ती वही खोटी ठरते. आणि ती खोटी आहे हे वहीकडे पाहून मुळीच कळत नाही. चुकीचा आकडा निदान डोळ्यांना खुपतो, कोरे पान खुपत नाही.

संगणकावरील सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती ही अशीच एक नवी वही असते. तिच्यात सोयी वाढलेल्या असतात, रूप बदललेले असते. परंतु जुन्या आवृत्तीत मालकाने विचारपूर्वक ठरवून ठेवलेल्या गोष्टी, म्हणजे ज्यांना सर्वजण ‘सेटिंग’ म्हणतात त्या, नव्या आवृत्तीत उतरल्या नाहीत, तर काय होते? सॉफ्टवेअर कुरकुर करीत नाही. ते कारखान्यातून निघतानाच्या मूळ अवस्थेत, ‘डिफॉल्ट’वर, परत जाते आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने काम करू लागते. सॉफ्टवेअरच्या जगात या दोषाला किरकोळ समजण्याची रीत आहे. ती रीत चुकीची आहे.

कळमनुरीच्या मोंढ्याचेच उदाहरण घ्यावे. हळद, सोयाबीन, तूर, हरभरा यांचा व्यवहार करणाऱ्या पेढीवर लाल वहीशेजारी संगणक येऊन बसला, त्याला बराच काळ लोटला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर तो अपरिहार्यच झाला. तो बसवताना मालक एक संध्याकाळ हिशेबनिसासोबत बसतो आणि काही गोष्टी ठरवतो. बिलांचे क्रमांक कोणत्या मालिकेने चालावेत, उधारीची मर्यादा ओलांडली की इशारा यावा की नाही, दिवसाअखेरची प्रत कोठे जावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागील तारखेची नोंद बदलण्याचा अधिकार कोणाला असावा. ही शेवटची निवड म्हणजे तिजोरीच्या किल्लीसारखीच आहे. एखाद्या अपडेटनंतर ती मूळ अवस्थेत गेली आणि मूळ अवस्थेत मागील नोंदी सर्वांना खुल्या असतील, तर तिजोरीचे दार उघडे राहिले असे म्हणावे लागेल. फरक इतकाच, की उघडे दार येता-जाता दिसते आणि हे दिसत नाही.

याच बाजारातले दुसरे, अगदी साधे उदाहरण हळदीचे. वस्तूंच्या एचएसएन वर्गीकरणात हळद ०९१० या शीर्षकाखाली येते, तूर व हरभरा ०७१३ खाली, आणि सोयाबीन १२०१ खाली. एक्सेलसारख्या तक्त्यात ०९१० लिहिले की ते त्यास संख्या समजून पहिले शून्य टाकून देते व ९१० ठेवते. जाणता हिशेबनीस त्या रकान्यास ‘हा मजकूर आहे, संख्या नव्हे’ असे बजावून ठेवतो आणि शून्य टिकते. परंतु तोच तक्ता सीएसव्ही या साध्या स्वरूपात साठवून पुन्हा एक्सेलमध्ये उघडला, की शून्य पुन्हा नाहीसे. कारण सीएसव्हीमध्ये केवळ अक्षरे साठतात. रकान्याविषयी दिलेली ताकीद तिच्यात साठवण्याची जागाच नाही. सोयाबीनच्या व्यापाऱ्यास हे कधी जाणवत नाही, हळदीवाल्यास पुन्हा पुन्हा जाणवते. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खातेक्रमांकांचीही हीच गत होते. एक्सेलच्या या स्वभावापुढे हात टेकून मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ ही अक्षरे असलेली नावे पाहून एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. आपोआप होणारे हे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. विज्ञानाला आपली परिभाषा बदलणे सोपे वाटले आणि यंत्राची सवय बदलणे अवघड, याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

ही झाली वापरणाऱ्याची बाजू. ज्या अवजारांनी सॉफ्टवेअर लिहिले जाते, त्यांतच हा दोष शिरला तर त्याचे परिणाम कितीतरी पटींनी वाढतात. आज व्यापारी घरांतील कित्येक मुले-मुली पुण्यात वा बंगळुरूत बसून अशा अवजारांवर काम करतात. सुताराने रंधा आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यावा, तसे ती आपले अवजार लावून घेतात. त्यांतील एक निवड मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे: फाइल कोणत्या अक्षरसंकेतात साठवावी ही. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संकेतात तीन बाइट घेते. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतात एका चिन्हास एकच बाइट असते आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. आता कल्पना करावी, की अवजाराने स्वतःहून ही निवड जुन्या संकेतावर नेली आणि मराठी मजकूर असलेली फाइल तशीच साठवली गेली. प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह येते. अक्षरे नुसती वेडीवाकडी दिसत असतील, तर योग्य संकेत लावून ती परत मिळवता येतात. प्रश्नचिन्ह एकदा साठले की खालचे अक्षर कायमचे गेले. लिहिणाऱ्याचे अवजार बिघडले पुण्यात, आणि आसामीच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग छापली गेली कळमनुरीच्या बिलावर, असे त्याचे स्वरूप. ‘जावा’ या बहुप्रचलित संगणकभाषेत हा संकेत कित्येक वर्षे ज्या त्या संगणकाच्या मर्जीवर सोडलेला होता. मार्च २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून तो सर्वत्र यूटीएफ-८ झाला.

अवजाराने न सांगता मालकाची व्यवस्था मोडल्याचे एक नोंदले गेलेले उदाहरण फेब्रुवारी २०१८ मधील आहे. ‘एनपीएम’ हे जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचे रोजचे अवजार. तयार सुटे भाग आणून देणे हे त्याचे काम. त्याच्या ५.७.० या आवृत्तीस संगणकाच्या मुख्य अधिकाऱ्याचे हक्क देऊन चालवले, की ते लिनक्स संगणकावरील मूलभूत फोल्डरांची मालकीच बदलून टाकीत असे. पोते आणायला धाडलेल्या हमालाने वाटेतल्या सर्व दुकानांच्या पाट्या बदलून यावे, तसा हा प्रकार. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. मधल्या काळात ज्यांचे संगणक बिघडले, त्यांना ते पुन्हा उभारावे लागले.

असे दोष उत्पन्न कसे होतात, हे समजून घेण्यासाठी संगणकशास्त्र यावे लागत नाही. जमाखर्च आला तरी पुरे. पहिले कारण नावाचे. जुन्या आवृत्तीत ज्या खात्याचे नाव ‘वाहतूक’ होते त्याचे नव्या आवृत्तीत ‘मालवाहतूक’ झाले, आणि जुने नाव पाहून नव्या खात्यात रक्कम नेणारे कोणी ठेवलेच नाही. दुसरे कारण विजेचे. सॉफ्टवेअर सेटिंगची फाइल लिहीत असतानाच वीज गेली, तर ती अर्धवट राहते. मराठवाड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, हे सांगायला नकोच. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरला ती फाइल वाचता येत नाही. शहाण्या सॉफ्टवेअरने येथे थांबून विचारायला हवे. बेफिकीर सॉफ्टवेअर ‘वाचता येत नाही’ याचा अर्थ ‘काही नव्हतेच’ असा घेते, मूळ सेटिंग लावते आणि वर तीच साठवूनही टाकते. म्हणजे अर्धवट का होईना, जो पुरावा उरला होता तोही पुसला गेला. यावरचा उपाय जुना व सर्वज्ञात आहे. नवी फाइल आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी आणि मगच जुनीच्या जागी ठेवावी. पक्की नोंद होईपर्यंत कच्ची फाडू नये, हे जे पेढीवर शिकवले जाते तेच.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि अनुभवी प्रोग्रामरही त्यात फसतात. समजा मूळ निवड ‘इशारा द्यावा’ अशी आहे. एका मालकाने सेटिंगचे पान उघडलेच नाही. दुसऱ्याने उघडले, विचार केला आणि ‘इशारा द्यावा’ हेच कायम केले. दोघांकडील संगणक सारखाच वागतो. परंतु पहिल्याने काही ठरवलेले नाही आणि दुसऱ्याने ठरवलेले आहे. पुष्कळ सॉफ्टवेअर केवळ मूळ निवडीहून वेगळे जे असेल तेवढेच नोंदवतात, म्हणून दुसऱ्या मालकाचा निर्णय कोठेच लिहिला जात नाही. पुढे कंपनीने मूळ निवडच बदलून ‘इशारा नको’ अशी केली, की दोघांचेही इशारे एकदम बंद. पहिल्याची तक्रार नसावी. दुसऱ्याची मात्र स्पष्ट आज्ञा मोडली गेली, आणि ती मोडल्याचा पुरावाही त्याच्याजवळ नाही. कोरे पान आणि ‘शिल्लक शून्य’ असे लिहिलेले पान यांत भेद आहे, हे मुनीमजींना माहीत असते. यंत्राला ते शिकवावे लागते.

हे सर्व टाळता येते का? येते, आणि सर्वांत चांगला पुरावा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. इयान मर्डॉक या तरुणाने १९९३ मध्ये ‘डेबियन’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि त्यांनी आपल्यासाठी एक लेखी नियमावली केली आहे. नवी आवृत्ती बसवताना सेटिंगच्या फाइलींत स्थानिक माणसाने केलेले बदल राखलेच पाहिजेत, असे ती बजावते. हे पाळण्याची पद्धतही सुरेख आहे. कारखान्यातून फाइल जशी आली तिचा एक गणिती ठसा प्रणाली जपून ठेवते. अपडेटच्या वेळी ठसा जुळला, म्हणजे मालकाने हात लावलेला नाही, तर नवी फाइल निमूटपणे बसवली जाते. मालकाने बदल केला आहे पण कारखान्याकडून नवे काही आलेले नाही, तर मालकाची फाइल निमूटपणे तशीच राहते. दोन्हीकडे बदल झाला असेल, तरच प्रणाली थांबते व विचारते: तुमची ठेवू, आमची बसवू, की दोहोंतील फरक दाखवू? उत्तर न देता नुसते एंटर दाबले, तर मालकाची राहते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसह ‘बॉस’ नावाची जी प्रणाली तयार केली, ती या डेबियनवरच बेतलेली आहे. जे काम विनावेतन स्वयंसेवक गेली कित्येक वर्षे करीत आहेत, ते दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे घेणाऱ्यांना अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास मात्र याबाबत फारसा उजळ नाही. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे मोठे अपडेट आणले आणि काही दिवसांतच त्याचे वितरण थांबवले. काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधील फाइली त्यात पुसल्या गेल्या होत्या. कोणाच्या, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांनी ते फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या जागी, बहुधा दुसऱ्या डिस्कवर, नेण्याची निवड केली होती आणि ज्यांच्या जुन्या जागीही काही फाइली राहिल्या होत्या, त्यांच्या. जुने फोल्डर रिकामे असणार असे गृहीत धरून अपडेटने ते काढून टाकले. कंपनीच्या म्हणण्यानुसार असे कळवणारे दहा हजारांत एक होते. शिवाय चाचणीच्या काळात काही थोड्यांनी हीच तक्रार आधी केलीही होती; तक्रार करणारे थोडे, म्हणून ती वर आलीच नाही. त्यानंतर कंपनीने तक्रारीच्या अर्जात ‘परिणाम किती गंभीर’ हे सांगण्याची सोय केली. अपडेट पुन्हा आले ते १३ नोव्हेंबरला.

दहा हजारांत एक हा आकडा ऐकायला लहान वाटतो. परंतु या जातीच्या दोषात आकड्याने माणूस फसतो. ज्यांनी कधीच काही बदलले नाही, त्यांना सेटिंग मूळ अवस्थेत गेल्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्यांचे काही गेलेलेच नसते. आणि असे लोक नेहमीच बहुसंख्य असतात. फटका बसतो तो ज्याने वेळ काढून, समजून घेऊन, आपल्या धंद्याला अनुरूप अशी निवड केली त्याला. बेफिकीर माणूस सुखरूप आणि दक्ष माणूस दंडित, अशी ही उलटी व्यवस्था आहे. त्याच वर्षी मे महिन्याच्या १८ ते २७ तारखांदरम्यान फेसबुकवर एका दोषामुळे १ कोटी ४० लाख लोकांच्या नव्या मजकुरासाठीची सुचवलेली निवड ‘सर्वांसाठी खुले’ अशी झाली होती. त्यातही नुकसान झाले ते एरवी मजकूर घरच्यांपुरता ठेवणाऱ्यांचेच.

आपल्या देशातील सर्वांत मोठा प्रसंग मात्र फोल्डरचा वा फोटोंचा नव्हता, पैशांचा होता. २०१७ मध्ये मोबाइलचे सिम आधारशी जोडण्याची मोहीम सुरू होती. त्या पडताळणीच्या ओघात एअरटेल पेमेंट्स बँकेत असंख्य ग्राहकांची खाती, त्यांना नीट कल्पना नसताना, उघडली गेली. खाते उघडले आणि आधारशी जोडले, एवढ्यावर ते थांबले नाही. सरकारी अनुदान कोणत्या बँकेत जावे याचा जो नकाशा राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असतो, त्यात एका आधार क्रमांकासमोर एकच बँक असते आणि शेवटी जोडलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते. परिणामी ज्या गृहिणीने गॅसचे अनुदान आपल्या नेहमीच्या खात्यात यावे म्हणून बँकेच्या दोन खेपा घातल्या होत्या, तिचे अनुदान तिला ठाऊकही नसलेल्या खात्यात जमा होऊ लागले. ३१ लाखांहून अधिक ग्राहक आणि सुमारे १९० कोटी रुपये एवढी ती व्याप्ती होती. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची पडताळणीची परवानगी तात्पुरती थांबवली, पैसे मूळ खात्यांत परत करावे लागले, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेस ५ कोटी रुपयांचा दंड केला. याला तांत्रिक अर्थाने बग म्हणता येणार नाही. नकाशा त्याच्या नियमाप्रमाणेच चालला होता. परंतु बँक व्यवहारात खातेदाराच्या लेखी आज्ञेला ‘मँडेट’ म्हणतात, आणि दुसरी आज्ञा आल्यावाचून पहिली बदलत नाही, हा त्या व्यवहाराचा पाया आहे. ‘शेवटचा येईल तो खरा’ हा नियम संगणकाला सोपा पडतो, पण संमतीची खातरजमा नसेल तर तो आज्ञाभंगाचाच नियम होतो.

सेटिंग मूळ अवस्थेत नेणे नेहमीच वाईट असते असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने नवे किंवा पुन्हा दिलेले प्रत्येक कार्ड केवळ देशातील एटीएम व दुकानातील यंत्र यांपुरतेच चालू ठेवायला सांगितले. ज्या जुन्या कार्डांवर ऑनलाइन, परदेशी वा स्पर्शविरहित व्यवहार कधीच झाले नव्हते, त्यांची ती सोय बंद करायला लावली. हेदेखील मूळ अवस्थेत नेणेच होते. पण दार बंद होण्याच्या दिशेने, आणि उघडण्याची किल्ली ग्राहकाच्या हाती ठेवून. शिवाय कार्डाच्या स्थितीत बदल झाला की ग्राहकास संदेश गेला पाहिजे, अशीही त्यात अट होती. ही एकच अट हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लागू केली, तरी निम्मा अनर्थ टळेल: अपडेटनंतर पहिल्या पडद्यावर ‘या या निवडी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत’ असे चार ओळींत लिहून येणे.

तोवर पेढीवर करण्याजोगे थोडेसे आहे. नूतनीकरणाचे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यास दोन गोष्टी विचाराव्यात: आमच्या निवडी नव्या आवृत्तीत जातात का, आणि एखादी गेली नाही तर आम्हाला ते कळते कसे? दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला, तर अपडेट दुकानातील मुख्य संगणकावर न घेता आधी दुसऱ्या संगणकावर घेऊन पाहावे. मार्चअखेरीस तर अपडेट घेऊच नये; हिशेब मिटवण्याच्या घाईत कोण सेटिंग तपासणार? आणि बिलांची मालिका, उधारीची मर्यादा, मागील नोंदींचे कुलूप, बॅकअपची जागा अशा दहा-बारा निवडी एका कागदावर हाताने लिहून, खाली आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालून, तो कागद रोकडवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. अपडेट झाल्याच्या दिवशी तो काढून एकेका ओळीसमोर खूण करीत जायला पंधरा मिनिटे लागतात.